खालीवर

डरम बुल्स हा टॅम्पा बे रेज या बेसबॉल संघाचा ट्रिपल-ए संघ, मुख्य संघाच्या बरोबर एक पायरी खाली. प्रोजेक्टसाठी नॉर्थ कॅरोलायनात आल्यापासून मी त्यांचे सामने बघतोय. आवडता पिचर अचानक दिसेनासा होतो, म्हणजे वरून बोलावणं आलेलं असतं. कधी आठवड्यातच परत खाली. 2023 साली वर किमान वार्षिक पगार 7,20,000 डॉलर होता, इथे 35,800. अंतर एका पायरीचं.

प्रोजेक्ट संपलाय, मला पुण्याला परत पाठवतायत. घरी सांगितलं नव्हतं. काल खाली आलेला पिचर माझ्याच वयाचा, अठ्ठावीसचा. उतरला आणि नेहमीसारखाच चेंडू टाकू लागला. घरी येऊन मी आईला फोन लावला.