गाणी भरून मिळतील

आमच्या अंबाजोगाईत बसस्थानकाजवळ दुकानांची जी रांग आहे, तीतल्या एका दुकानाच्या काचेवर पांढऱ्या रंगात तीन शब्द लिहिलेले आहेत : ‘गाणी भरून मिळतील’. पोते भरतात, घागर भरतात, उसाची गाडी भरतात. पण गाणीही भरतात, हे मला त्या तीन शब्दांनी शिकविले. गेली तीन वर्षे सकाळी मी आपल्या महाविद्यालयाच्या बाकावर असतो आणि संध्याकाळी पाच ते नऊ त्या काचेच्या आत. मोबाइलची कव्हरे, चार्जर आणि इयरफोन विकणे हा दुकानाचा मुख्य धंदा. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणे हे काम माझे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात इंटरनेटचा फोन आहे. तेव्हा असा धंदा अजून चालतो याचे आपल्याला नवल वाटेल. पण चालतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत तर मान वर करायला फुरसत नसते. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली माणसे ऊसतोडीला निघू लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने फड आणि कोपी हेच त्यांचे घर. ट्रॅक्टरवाल्याला पेन ड्राइव्ह लागतो. म्हाताऱ्या माणसांजवळ बटणाचा फोन असतो आणि त्यात नखाएवढे कार्ड. रानात रेंज कधी असते, कधी नसते, आणि रिचार्जचे पैसे दरवेळी असतातच असे नाही. म्हणून पीठमीठ बांधून घ्यावे तशी ही माणसे गाणीही बांधून घेतात. आणि कार्ड माझ्या हातात देताना हमखास एक प्रश्न विचारतात, “चांगलं काय आलंय रं नवीन?”

या एका प्रश्नाविषयी मला लिहावयाचे आहे.

प्रश्न सोपा दिसतो, पण हिशेब करून पाहा. एक गाणे साधारण पाच एमबीचे धरले तर बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सहा हजारांहून अधिक गाणी मावतात. रात्रंदिवस वाजवीत राहिले तरी ती संपायला वीस दिवसांच्या वर लागतील. आपल्याच गावच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिण्यासाठी कापडाची लांबलचक पासोडी घेतली होती. आज तेवढा मजकूर नखाच्या कोपऱ्यात बसेल. जागेची अडचण उरली नाही, निवडीची मात्र वाढली. पूर्वी जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे असे. घेणारा विचार करून घेई आणि देणाराही विचार करून देई.

हे मला सांगितले ते दुकानातल्या चाचांनी. चाचा आता सत्तरीकडे झुकले आहेत. दुकान पूर्वी रेडिओदुरुस्तीचे होते, तेव्हापासून ते तिथे आहेत. रेडिओ गेले, तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या; चाचा आपले त्याच स्टुलावर. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेची गोष्ट ते फार रंगवून सांगतात. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज आला की दुकानासमोर सायकली थांबत. त्या कार्यक्रमात गाण्यांचा क्रम लावताना तबकड्यांच्या दुकानांत काय खपते आहे तेही पाहिले जाई. चाचा म्हणतात, “बेटा, लोकांना वाटायचं क्रम रेडिओवाले लावतात. खरा क्रम तर आमच्यासारखे काउंटरवाले लावायचे!” यात थोडी बढाई आहे, पण ती त्यांना शोभते.

पुढे कॅसेटींचा काळ आला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने काढलेली ही डबी आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचली ती ऐंशीच्या दशकात, गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी तिची किंमत खाली आणली तेव्हा. चाचा तेव्हा प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटींची वेगवेगळी चळत लावीत. आषाढीच्या आधी विठ्ठलाची गाणी पुढे, चौदा एप्रिलच्या आधी भीमगीते पुढे, उरसाच्या दिवसांत कव्वाल्या पुढे. आवाज तोच. “एकच माणूस तीन गल्ल्यांत गातो,” ते म्हणत, “आपण फक्त गल्ली ओळखायची.”

चाचांची सल्ला देण्याची एक रीत आहे. गिऱ्हाईकाने ‘चांगलं काय आलंय’ असे विचारले की ते उत्तर देत नाहीत, तीन प्रश्न विचारतात. कुठे ऐकणार? कोणत्या वेळी ऐकणार? शेजारी कोण असणार? मला पहिल्या वर्षी ही रीत वेळखाऊ वाटे. मी बी. ए.ला मराठी घेतलेला मुलगा. चांगले काय ते मला ठाऊक असताना कुठे, कधी आणि कोण यांच्याशी काय कर्तव्य?

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नवा सिनेमा कार्डात भरून देणे हा गुन्हा आहे आणि आमचे मालक ते करीत नाहीत. ‘सैराट’ आला तेव्हा किती माणसे परत पाठविली, हे ते अभिमानाने सांगतात. गाण्यांच्या बाबतीत मात्र आम्ही एवढे सोवळे नाही. ज्याने गाणे लिहिले, ज्याने गायिले, त्याला आमच्या गल्ल्यातला एक पैसाही पोहोचत नाही. कार्ड कॉम्प्युटरला लावताना हा विचार माझ्या मनात येतो आणि पुढचे गिऱ्हाईक उभे असले की जातो.

सिनेमा आम्ही देत नसलो तरी सांगतो मात्र. ‘फँड्री’ पाहा, ‘नाळ’ पाहा, असे मी कितीतरी जणांना सांगितले. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ साली आला तेव्हा बाजाराला आलेल्या बायका ‘कसा आहे?’ म्हणून मलाच विचारीत. दोघी-तिघींनी नंतर येऊन ‘बरा सांगितलास’ म्हटले, तेव्हा मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा अधिक आनंद झाला होता. मी स्वतःला मोठा जाणकार समजू लागलो होतो, हे कबूल करतो.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहून शिकलो. मी प्रथम वर्षाला होतो त्या वर्षी, निघायच्या आधी, अण्णांनी आपल्या फोनमधले कार्ड काढून माझ्या हातावर ठेवले. “दुकानात हाईस म्हनं आता. भर काहीतरी चांगलं.”

मी दोन रात्री त्या कार्डासाठी खपलो. दरवर्षीची गाणी पुसून टाकली. भीमसेन जोशींची संतवाणी भरली. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने भरली. ‘जैत रे जैत’ची गाणी भरली, कारण ती आपल्या मराठवाड्याच्या, पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी लिहिलेली. आणि सगळ्यांत विचारपूर्वक, माझ्या फोनवर उतरवून घेतलेला ‘सामना’ भरला. १९७५ सालचा हा सिनेमा. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचे लेखन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिका. तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात साखर कारखाना आहे, कारखान्याच्या जिवावर गाव मुठीत ठेवणारा पुढारी आहे. मला वाटले, ज्यांच्या कोयत्यावर हे कारखाने चालतात त्यांनी हा सिनेमा पाहिलाच पाहिजे. अण्णांना कार्ड देताना मला आपण काहीतरी मोठे देत आहोत असे वाटत होते.

एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतली. अण्णांच्या टोळीतले एक मामा चार्जर घ्यायला दुकानात आले. मला ओळखून हसले. “ते कार्ड तूच भरलं व्हतंस काय रं? पाच महिने भजनं ऐकून आमची निम्मी टोळी माळकरी व्हायची राहिली बघ.” दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळभर माझ्याकडून एकही कार्ड धड भरले गेले नाही.

रात्री घरी अण्णांना विचारले. ते आधी काही बोलेनात. मग म्हणाले, “चांगलं असंल ते. आमाला कळंना, एवढंच.”

“अन् तो सिनेमा?”

“पाह्यला थोडा.” ते जरा थांबले. “पहाटं चारला उठून तोडायचं. गाडीचा नंबर रात्री आला की रात्री भरायची. कोपीत येऊन अंग टाकावं, तर फोनात पुन्हा कारखानाच. कामून पहावं, सांग बरं?”

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. कार्डात दुसरे काही नव्हते आणि नवे भरून घ्यायला कोणी नव्हते. पाच महिने त्यांनी माझी आवड सोसली होती. बदलून का घेतले नाही, असे विचारल्यावर माय चुलीपुढून म्हणाली, “तू भरलेलं व्हतं ना. कसं पुसावं?”

दुसऱ्या दिवशी मी हे चाचांना सांगितले. चाचा हसले नाहीत. म्हणाले, “सिनेमा वाईट नाही, बेटा. तू पण वाईट नाहीस. तू फक्त विचारलं नाहीस.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आपल्या आवडीचं देणं सोपं. समोरच्याला काय हवं ते त्याला पण माहीत नसतं, ते काढून देणं हे काम.”

मला हे अजूनही पुरते पटत नाही. ‘सामना’ कोपीत बसून पाहिला जाऊ नये, तो फक्त आपण वर्गात बसून चर्चा करावी, हे मला कसेसेच वाटते. पण थकलेल्या माणसाला त्याचे दुःख पुन्हा दाखवून ‘बघ, हे तुझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला, हाही प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी मी मायला चाचांचे तीन प्रश्न विचारले. तिला गंमत वाटली. अण्णांचे सोपे होते : लोकगीते, भीमगीते, जुनी हिंदी गाणी, आणि ट्रॅक्टरवर पोरे वाजवितात ती नवी. मायचे मात्र निघता निघेना. तिला कधी कोणी विचारलेच नव्हते. शेवटी भाकरी थापता थापता म्हणाली, “सांजच्याला आम्ही बायाबायाच असतोत. तुझी आजी दळताना म्हनायची तसलं काही मिळतंय का? न्हाई मिळायचं म्हना. ते कोन भरतंय?”

भरले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी अनेक कार्यकर्त्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आहेत. त्यांत आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी १९९६ साली गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने २०१७ पासून त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. मी त्यांतल्या काही मायच्या कार्डात घातल्या. ना तबला, ना पेटी. नुसता बायकांचा आवाज. दुकानात मी ते कधीच कोणाला सुचविले नसते.

एप्रिलात माय परतली. मी काही विचारले नाही. तिनेच कार्ड काढून दिले. “ऐकलं बाया-बायांनी. पन त्या माजलगावच्या बायांचं म्हननं येगळं आन् आमचं येगळं. मग आमचं आम्ही भरलं.”

कार्डात अकरा नवी ध्वनिमुद्रणे होती. एकीत कुत्रे भुंकते आहे. एकीत मधूनच कोणाचे तरी लेकरू रडते आणि ओवी थांबते, मग पुन्हा तिथूनच सुरू होते. तीन मायच्या आवाजातली आहेत. वीस वर्षांत मी मायला गाताना ऐकले नव्हते. ती गाते हे मला ठाऊकच नव्हते. मराठीच्या तासाला ओवीचे प्रकार मी पाठ केले होते!

चाचांना एक ऐकविली. त्यांनी चष्मा काढून पुसला. “कुणाचं आहे?”

“मायचं.”

“मग हे विकू नको.”

विकले नाही. कोणाच्या पेन ड्राइव्हमध्ये घातले नाही. मित्रांनी मागितले तरी नाही म्हणालो, कारण त्या बायकांना मी अजून विचारलेले नाही. या वेळी विचारणार आहे.

यंदा निघताना मायने कार्ड दिले आणि स्वतःहून म्हणाली, “औंदा तुझ्या आवडीचं बी घाल. पन दोनच घाल.” मी चार दिवस विचार केला आणि दोन घातली. कोणती, ते इथे सांगत नाही. आपला हा अंक छापून हातात येईल तेव्हा माय फडातच असेल. ती ऐकली की पुढे ढकलली, हे पट्टा पडल्यावरच कळेल.