कोरड्यास काय आणलंस?

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत बहुतेकांच्या डब्यात भाकरीच असायची आणि ती ज्वारीचीच. त्यामुळे मधल्या सुट्टीत भाकरीची चौकशी कुणी करायचं नाही. लिंबाच्या झाडाखाली गोल धरून बसलं, फडक्यांच्या गाठी सुटल्या, की सगळ्यांचा एकच प्रश्न : “कोरड्यास काय आणलंस बे?”

डबे तरी किती तऱ्हांचे! कडीचा पितळी डबा, ज्याला वर्षातून एकदा तरी कल्हईवाल्याची भेट घडायचीच. जर्मनचा डबा, चार ठिकाणी चेपलेला, झाकण ठरावीक बाजूनंच बसणारा. स्टीलचा डबा कुणाच्या तरी आहेरातला, बुडाशी मामाचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. थोरल्याचा डबा धाकट्याकडे, धाकट्याचा शेंडेफळाकडे, आणि झाकण पार निकामी झालं की तो फळीवर जाऊन हळद नाहीतर खडीसाखर सांभाळायचा. टाकून कुणी देत नसे. गोल भाकरी मात्र यातल्या एकाही डब्यात सरळ बसायची नाही. तव्यावरून उतरल्याबरोबर, मऊ असतानाच तिची घडी घालावी लागे. आई घडी घालायची आणि भाजलेली बोटं पदरात धरायची. बऱ्याच जणांकडे तर डबा नव्हताच. धुवट फडक्यात भाकरी, भाकरीवर चटणीचा गोळा, सोबत कांदा. जेवण झालं की तेच फडकं नळावर खळबळायचं आणि कुंपणावर वाळत टाकायचं.

कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडी लावणं. त्यात काय काय असायचं? शेंगाची चटणी तर हवीच. लसूण, जिरं, तिखट घालून ती उखळात इतकी कांडायची की तिला तेल सुटायचं आणि मुठीत धरली तर लाडू वळायचा. शेंगा संपत आल्या की कारळाची चटणी. मग जवसाची. मग तिळाची. मटकीची सुकी उसळ. घट्ट पिठलं, थंड झाल्यावर सुरीनं कापावं असं. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. शेपू, जिचा वास डबा उघडण्याआधीच वर्गभर झालेला असायचा आणि ती आवडणारे दोघंतिघंच असायचे. त्यांची त्या दिवशी चंगळ. थंडीत हरभऱ्याचा पाला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं घातलेली मिसळीची भाजी. आणि सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत, घरी पाहुणे आलेले असले तर, शेंगापोळी. ती डब्यात असली की त्या पोराला गोलात मधली जागा मिळायची.

ज्वारी मंगळवेढ्याकडची, मालदांडी. या वाणाची निवड आमच्याच जिल्ह्यात, मोहोळला झाली होती. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असतं आणि डाळी-उसळींत ते भरपूर असतं, म्हणून भाकरीला उसळ लागते, हे आम्हाला फार पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. तीळ-कारळात चुना असतो, हेही पुढेच कळलं. आमच्या आयांनी असलं काही ऐकलेलं नव्हतं. रानात जे पिकलं आणि मंगळवारच्या बाजारात जे स्वस्त मिळालं, ते डब्यात आलं. ऋतू बदलला की कोरड्यास बदलायचं, आणि पोरांच्या पोटात वर्षभरात वीस-पंचवीस तऱ्हा जायच्या. आजचे आहारतज्ज्ञ ‘विविधता’ म्हणून कळकळीनं सांगतात ती आमच्याकडे हंगामावर चालायची.

सगळ्यांचं कोरड्यास सगळ्यांचं असायचं. कापडाच्या मागांवर काम करणाऱ्या तेलुगू घरांतली पोरं चिंचेचा भात आणायची, त्यात तळलेले शेंगदाणे. अक्कलकोटकडची कानडी पोरं कडक भाकरी आणायची, पापडासारखी कडाकड मोडणारी, आठवडाभर टिकणारी. आमची मऊ भाकरी त्यांच्याकडे, त्यांची कडक आमच्याकडे. तीन भाषांची तोंडं, आणि ‘अजून दे’ आम्हाला तिन्हींत म्हणता यायचं.

शाळेच्या फाटकाशी एक आज्जी पोतं अंथरून बसायची. तिच्यापुढे बोरं, चिंचा, रायआवळे, कवठाच्या फोडी, उसाची कांडकी, डहाळे, मिठात भिजवलेल्या कैऱ्या. बाजूला गारेगारवाल्याची पेटी आणि बरणीत लिमलेटच्या गोळ्या. बोटांत अंगठ्यांसारख्या घालून खायच्या तळलेल्या पिवळ्या नळ्या. लाल-केशरी रंगानं जिभा रंगवून आम्हीही घरी गेलो आहोत. पण खिशात पैसा कधीमधी यायचा आणि तो आला तरी आज्जी त्यातल्या निम्म्याची बोरं घ्यायला लावायची. उन्हातनं आलेल्या पोराला गारेगार खाऊ नको म्हणायचा तिला हक्क होता आणि तो आमच्या घरांनीच दिला होता.

हे सगळं आठवताना कधी कधी सूर असा लागतो, की तेव्हा सगळं पौष्टिकच होतं. तसं नव्हतं, आणि ते इथंच सांगायला हवं. गोलात न बसता मधल्या सुट्टीत नळाकडे जाणारी पोरं प्रत्येक वर्गात होती. विड्या वळणाऱ्या घरांतली, मिलमध्ये बदलीवर असलेल्यांची. नळाचं पाणी पोटभर पिऊन ती खेळायला यायची. घरोघर मुलींच्या वाट्याला भावांनंतरचं आणि वडिलांनंतरचं उरलेलं यायचं. दूध तर त्यांच्या वाट्याला क्वचितच. १९७२ च्या दुष्काळात मालदांडी दिसेनाशी झाली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. बाया-बापे खडी फोडायला गेले. तिथं आणि शाळांतून सुकडी मिळायची, गोडूस, कोरडी, घशाला चिकटणारी. वहीच्या कागदात पुडी बांधून धाकट्या भावंडांसाठी ती घरी नेणारी मुलं आम्हाला आजही नावानिशी आठवतात. सुकडीची चव आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आवडत नाही. पण तिनं त्या साली पोरं जगवली.

तरीही एक गोष्ट होती, जी आज शोधून सापडत नाही. पोराच्या पोटावर गल्लीची नजर होती. डबा तसाच परत आला तर आई विचारायची, आज्जी विचारायची, ओसरीवर बसलेली शेजारची आक्का विचारायची. वर्गातल्या बाई नळाकडे जाणाऱ्याला हाक मारून स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या आणि देताना ‘माझ्यानं संपत नाही’ म्हणायच्या, म्हणजे घेणाऱ्याला संकोच नको. कुणाच्या ओठांच्या कडा चिरल्या, कुणाचा चेहरा पांढरट दिसला, की कुणीतरी काकू त्या घरी जाऊन शेवग्याचा पाला ठेवून यायची.

मग हळूहळू बदललं. मिलचा एकेक भोंगा थांबत गेला. घरातली दोघंही कामाला आणि तीही लांब. शाळा सकाळी सातला भरू लागली. रेशनवर गहू-तांदूळ मिळत राहिले आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. गरिबाची म्हणून जिची ओळख होती, ती भाकरी गरिबाला परवडेना. भाकरीला परात लागते, वेळ लागतो, थापणारे हात लागतात. पाच रुपयांच्या पाकिटाला काहीच लागत नाही. ते फोडायलाही आई लागत नाही. म्हणून ज्या आया डब्यात बिस्किटं, कुरकुरीत नळ्या नाहीतर नूडल्स घालतात, त्यांना आळशी म्हणणं आम्हाला मान्य नाही. आमच्या आयांच्या पाठीशी आज्जी होती, जाऊ होती, शेजार होता. आजच्या आईपाशी सकाळची वीस मिनिटं असतात आणि टीव्हीवरच्या जाहिरातीनं आदल्या रात्रीच पोराचं मन वळवलेलं असतं.

पाकिटानं भूक मरते. मीठ, साखर आणि तेल पोटात जातं, आणि उसळ-भाजीची जागा भरून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. जादा वजनाची मुलं त्याआधीच्या फेरीत शंभरात दोन होती, ती चारांवर गेली. खुजेपण हटलं नाही आणि लठ्ठपण येऊन बसलं. राज्य सरकारनं २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून असले पाकिटातले पदार्थ हटवायचा आदेश काढला. २०२० साली देशभरासाठी नियम झाला, की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत जादा चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत. नियम चांगलेच आहेत. आज्जीच्या पोत्याच्या जागी आता पाकिटांच्या माळा लोंबतात, आणि फाटकापासून त्यांचं अंतर मोजायला टेप घेऊन कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही.

आशेची जागा आहे ती शाळेतली खिचडी. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजलेलं अन्न ताटात आलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. पाणी पिऊन खेळायला येणारं आमच्या वर्गातलं ते पोर आज ताट घेऊन सगळ्यांच्या रांगेत बसतं, हे आम्हाला फार मोठं वाटतं. २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळंही मिळू लागलं होतं. २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला आणि लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगण्यात आलं. हा निर्णय आम्हाला पटलेला नाही. अंडं हे पोराच्या वाढीचं अन्न आहे, त्याचा खर्च सरकारनंच उचलावा आणि तो पुन्हा सुरू व्हावा, असं आम्ही लिहून दिलं आहे.

तोवर आमच्या गल्लीतले आता आजोबा-आज्जी झालेले जुने सवंगडी जवळच्या शाळेत जातात. वाढण्याआधी खिचडीची चव मोठ्यांनी घ्यावी असा नियमच आहे. आम्ही ती घेतो, डाळ पातळ वाटली तर तिथंच बोलतो. नातवंडांच्या वाढदिवसाला केक न कापता शाळेला अंडी पोचवतो. ज्यांना अंडं चालत नाही, त्यांच्यासाठी शेंगा-गुळाचे लाडू. शेंगा कांडून देणारे पुष्कळ मिळाले आहेत. लाडू वळायला अजून चार हात हवेत. शुक्रवारी सकाळी नऊला, आक्कांच्या ओसरीवर.