मूळचे कुठले?

शिरवळच्या आमच्या शाळेत मी मराठी आणि उर्दू शिकवते. इतिहासाचे सर रजेवर होते म्हणून परवा त्यांचा तास माझ्याकडे आला. धडा महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा. मी फळ्यावर ‘इनामगाव’ लिहिलं आणि मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “मॅडम, तुम्ही लोक मूळचे कुठले?”

“इथलीच की रे. शिरवळची.”

“तसं नाही. त्याच्या आधी?”

त्याच्या आवाजात खोड काढण्याचा सूर नव्हता. कुठेतरी कानावर पडलेलं त्याने सरळ विचारलं होतं. पण वर्गातल्या आमच्या दोन मुलींनी माना खाली घातल्या, ते मला बोचलं.

मी म्हटलं, “बरं, आधीचंच बघू. अगदी तळापासून.”

जुनी वस्ती शोधणारे आधी नदीकाठाने पायी हिंडतात. गावाच्या वस्तीच्या जागेला आपण पांढरी म्हणतो. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेणमाती आणि पडक्या भिंती मिसळून तिथली माती वेगळी दिसू लागते. अशा टेकाडावर ते खापरं वेचतात. खापर कुजत नाही आणि प्रत्येक काळाची घडण, रंग, नक्षी निराळी असते, म्हणून त्यावरून काळ ओळखता येतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. शंभराहून जास्त घरं सापडली. धान्याचं कोठार, पाटाच्या पाण्याची सोय, जवाचं म्हणजे बार्लीचं पीक, सगळं होतं. सगळ्यात खालच्या थरातली, इ.स.पू. १६००च्या सुमाराची खापरं माळव्याच्या वळणाची निघाली. त्यावरच्या थरात आपल्याकडची जोर्वे खापरं लागली. हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं.

“म्हणजे तिथले पहिलेपण बाहेरूनच आले?” तोच मुलगा.

“माळव्याकडून आले असावेत. मग इथलेच झाले.”

प्रवरेकाठचं दायमाबाद तर याहून बोलकं. तिथे एकावर एक पाच संस्कृतींचे थर आहेत: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. हजार वर्षांहून अधिक काळ माणसं येत राहिली, आधीच्यांच्या राखेवर चुली मांडत राहिली. मी उर्दूची शिक्षिका, त्यामुळे मला ते नाव वेगळंच ऐकू येतं. दायम म्हणजे कायम, आबाद म्हणजे वसलेलं. कायम वसलेलं गाव! आणि आज ते ओसाड आहे. इनामगावही इ.स.पू. ७००च्या सुमाराला उठलं. ‘इनाम’ हा शब्दसुद्धा अरबीतून आलेला. आज त्याला कुणी मूळ विचारत नाही.

इनामगावच्या अहवालावर तीन नावं आहेत: ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी. तिघांनी मिळून एकच पांढरी वाचली. ही नावं मी फळ्यावर लिहिली तेव्हा त्या दोन मुलींनी माना वर केल्या.

एक गोष्ट मात्र मी वर्गात सांगितली नाही. इनामगावात लहान मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. वर आई रोज सारवत असेल, भाकरी थापत असेल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अम्मी आठवली. माझ्याआधीचा तिचा मुलगा चाळीस दिवसांचा होऊन गेला. तो इथल्या कब्रस्तानात आहे. अब्बांना पुण्यात काम मिळत होतं, राहायला जागाही मिळत होती, पण अम्मी गेली नाही. “उसको अकेला छोडके?” एवढंच म्हणाली आणि अब्बांनी विषय कायमचा मिटवला. त्या मातीवर दगड नाही, नाव नाही. तिला मात्र जागा नेमकी माहीत आहे. शबे-बरातला ती जाते, उभी राहते, परत येते.

मला कुणी मूळ विचारलं की पुरावा म्हणून सनदा, वंशावळी काढाव्याशा वाटायच्या. आता वाटत नाही. घोड भीमेला मिळते, आमची नीराही नरसिंगपूरला भीमेलाच मिळते. त्या काठच्या आईने मूल ज्या मातीत ठेवलं ती तिची झाली, या काठच्या आईने ठेवलं ती हिची. दायम तर दोघींपैकी कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा नीरेकाठचं एक खापर घेऊन आला. “मॅडम, हे किती जुनं?”

मी उलटसुलट करून पाहिलं. कुणाच्या तरी आजीच्या रांजणाचं असावं.

“कुणाची आजी?” त्याने विचारलं.

“तुझी असेल, नाहीतर माझी,” मी म्हटलं. त्याने ते पुसून दप्तरात ठेवलं.