चौकोनाबाहेरचा फोन नंबर

मेल आला तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. सगळ्यांचे फोन एकदमच थरथरले. 'नवीन रचना' असा विषय आणि खाली एक चित्र, चौकोनांत चौकोन. आमची नऊ जणांची टीम त्यात तीन तुकड्यांत सापडली. मी प्लॅटफॉर्ममध्ये, चौघं पेमेंट्समध्ये, तिघं चेन्नईच्या टीमला जोडलेले. आमच्या लीडचं नाव कुठल्याच चौकोनात नव्हतं. त्यांनी चित्र दोनदा मोठं करून पाहिलं, फोन खिशात ठेवला आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

हँडओव्हरला दोन दिवस मिळाले. मी डॉक्युमेंट लिहिलं. सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून.

रिफंडच्या फाइली रोज रात्री बँकेकडे जातात. त्या जोडणीचं सर्टिफिकेट वर्षातून एकदा बदलावं लागतं. मुदत संपायच्या आधी आठवणीचा मेल येतो आणि तो आमच्या जुन्या ग्रुपवर जावा, अशी सोय मीच केली होती. री-ऑर्गमध्ये तो ग्रुपच बंद झाला. हे मला आठवड्याभराने हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बसल्या बसल्या आठवलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, आता ते पेमेंट्सवाल्यांचं काम. खरं कारण भीती होती. कुणाचं नाव कधी चौकोनाबाहेर जाईल याचा भरवसा नव्हता, आणि अशा वेळी आपणहून चूक कबूल कोण करणार?

एका शनिवारी रात्री सर्टिफिकेट संपलं. रिफंड अडकले. पेमेंट्सवाल्यांना वाटलं, बँकेकडेच गडबड असेल. चेन्नईवाल्यांना वाटलं, पुणं बघत असेल. रविवारी दुपारी जुन्या लीडचा फोन आला. ते नोटीस पिरियडवर होते.

"अरे, अलर्ट अजून मलाच येतायत. बघ जरा."

बघितलं, तर नवीन सर्टिफिकेट बनवायचा अ‍ॅक्सेस माझ्याकडे, बँकेतल्या माणसाचा नंबर पेमेंट्सकडे आणि ते सर्व्हरवर चढवायची परवानगी चेन्नईकडे. कुणा एकट्याला काहीच करता येत नव्हतं. तिन्ही टीममधला एकेक जण कॉलवर आला. एकच रिफंड दोनदा जाऊ नये म्हणून प्रत्येक व्यवहाराचा नंबर तपासत फाइली पुन्हा पाठवल्या. रात्रीचे साडेनऊ वाजले. तेवढा वेळ कुणाचे तरी पैसे अडकून होते. त्यातल्या कुणाला भाडं द्यायचं असेल, कुणाला फी.

मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय, की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी जोडलेली असतात, तशीच त्यांनी बनवलेली सिस्टिम होते. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने तो लेख नाकारला, मग तो 'डेटामेशन' मासिकात आला. आज त्याला कॉनवेचा नियम म्हणतात. मला त्या रविवारी त्याची दुसरी बाजू कळली. चित्र एका दुपारी बदलतं, सिस्टिम बदलत नाही. जुनी टीम तिच्यात तशीच राहते, मेल ग्रुपमध्ये, परवानग्यांमध्ये, अलर्टच्या फोन नंबरांमध्ये.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं, "मला हे माहीत होतं." क्षणभर शांतता. मग चेन्नईच्या सहकाऱ्याने विचारलं, "आणखी काय काय माहीत आहे? लिहून काढू या."

आम्ही एक साधी शीट केली. काम काय, ते कुणाचं, रात्री फोन कुणाला, आठवणीचा मेल कुठे. पहिल्या दिवशी दुसऱ्या रकान्यातल्या अकरा जागा रिकाम्या निघाल्या. म्हणजे आणखी अकरा शनिवार वाट बघत होते. त्या भरायला तीन आठवडे लागले. त्यातल्या चार ओळी मी विसरलेल्या होत्या, बाकीच्या इतरांनी. हे कळल्यावर बोलणं सोपं झालं.

शेवटच्या दिवशी लीड माझ्या डेस्कपाशी आले. "माझा नंबर काढलास ना?"

"काढला."

"मग आता कुणाचा आहे?"

शीटमध्ये पेमेंट्सच्या मुलीचा नंबर होता. तिच्याखाली दुसरा नंबर मी माझा घातला होता. माझी टीम वेगळी असूनही. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." या वेळी पैसे मी दिले.