एक बोर्ड, दोन शौक आणि दहा बाय पंधराची खोली

गिरगाव चौपाटी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भेळ, कुल्फी, अनंत चतुर्दशी... मलाही तेच आठवायचं. मग एका रविवारी सकाळी चर्नी रोडच्या ब्रिजवरून खाली उतरले तर समोर एक मुलगी चक्क पाण्यावर उभी! पायाखाली लांबलचक फळी, हातात उंच वल्हं आणि चेहऱ्यावर असे भाव, जणू शिवाजी पार्कला फेऱ्याच मारतेय. तिच्या पलीकडे एक जण तशाच फळीवर शीड धरून सुसाट सुटलेला. वल्ह्यावाल्या प्रकाराला पॅडलबोर्डिंग म्हणतात आणि शिडावाल्याला विंडसर्फिंग, एवढं मला माहीत होतं. दोन्ही एकदम आवडतील, हे मात्र माहीत नव्हतं.

पोहायला मी दादरला महापालिकेच्या तलावात शिकले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. शिकण्यात सहा महिने गेले. सकाळी वारा पडलेला असेल तर वल्हं, दुपारी वारा उठला की शीड. आणि मग तो प्रश्न आलाच. दर वेळी भाड्याचा बोर्ड कशाला? आपलाच घेऊया ना! पण दोन शौकांसाठी दोन बोर्ड ठेवायला मी मलबार हिलवर राहत नाही. राहते लालबागला, चाळीत, दहा बाय पंधराच्या खोलीत, आई-बाबा आणि धाकट्या भावासकट. म्हणजे घ्यायचा तर एकच, आणि त्याने दोन्ही कामं केली पाहिजेत. बजेट होतं तीन महिन्यांचे फ्रीलान्सचे चेक (ते वेळेवर येतात का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). चुकलं तर पुढचं वर्षभर चौपाटीवर फक्त भेळ.

चुकणारच होतं. एका मित्राने त्याचा हवा भरायचा पॅडलबोर्ड स्वस्तात देऊ केला. ‘यात डोलकाठी बसवायचं भोकही आहे, टू इन वन आहे बॉस!’ म्हटलं, आधी चालवून बघते. मार्च महिना, दुपारचे तीन. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असायचे, आठवतंय? दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे. चौपाटीवर ते दुपारी साधारण वायव्येकडून, म्हणजे मलबार हिलच्या अंगाने मरीन ड्राइव्हकडे वाहतात. टेकडीच्या आडोशाला ते मवाळ वाटतात. जरा बाहेर गेलात की खरा वारा लागतो.

मला तो लागला. शीड भरलं, बोर्ड पळाला, मी मनातल्या मनात टायटॅनिकची हीरॉइन! दहा मिनिटांनी मागे वळून बघितलं तर चौपाटी भलतीच लांब आणि मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड भलतेच जवळ. परत वळवायला गेले. तोंड चौपाटीकडे, पण बोर्ड मात्र खेकड्यासारखा आडवा सरकतोय, टेट्रापॉडच्या दिशेने. शीड ओढा, तिरकं करा, काही करा, फरक शून्य. शेवटी शीड उतरवून बोर्डवर आडवं टाकलं, त्यावर पोटावर झोपले आणि हातांनी वल्हवायला लागले. दंड भरून आले तरी अंतर कमी होईना. एका कोळीकाकांनी होडी वळवून दोरी फेकली नसती तर हा लेख कोणी लिहिला असता, देव जाणे. काकांनी बोर्ड उलटा करून पाहिला. ‘याच्या मधी खाली काय नाय? मग ह्यो वाऱ्यावर चढंल कसा?’

दुकानातल्या कुठल्याही सेल्समनने सांगितली नसती अशी गोष्ट काका फुकटात सांगून गेले. पॅडलबोर्डला शेपटीकडे फिन असते, बोर्ड सरळ जावा म्हणून. वल्हं मारताना तेवढी पुरते. पण शिडावर वारा नुसता पुढे ढकलत नाही, बाजूलाही ढकलतो. त्या ढकलण्याला पाण्याखालून कोणीतरी अडवावं लागतं. त्यासाठी बोर्डच्या मध्यावर दुसरी फिन हवी, नाहीतर खाली-वर होणारी पाती हवी, जिला डॅगरबोर्ड म्हणतात. ती असेल तर वाऱ्याच्या तिरकस दिशेने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळत, जिथून निघालात तिथे परत येता येतं. नसेल तर जाल वारा नेईल तिकडे. डोलकाठीचं भोक म्हणजे टू इन वन नव्हे! भोक सगळेच दाखवतात. तुम्ही बोर्ड उलटा करायला सांगा. आणि मधली फिन काढता येते का, तेही विचारा, कारण नुसतं वल्हवताना ती वळायला आडवी येते.

मित्राला बोर्ड परत केला. दोस्ती शाबूत आहे.

मग माझा अभ्यास सुरू झाला. विंडसर्फिंगचे जे देखणे, छोटे, वाऱ्यावर उडणारे बोर्ड फोटोंत दिसतात ते आपल्या कामाचे नाहीत. शंभरेक लिटरच्या त्या बोर्डवर वारा पडला की उभं राहणं नवख्याच्या बसचं नाही, वल्हवणं तर सोडाच. लिटर कशाचे? बोर्ड किती पाणी बाजूला सारू शकतो त्याचे. ढोबळ हिशेब असा, की एक लिटर म्हणजे एक किलो वजन तरंगतं. मी ५८ किलो, त्यात बोर्ड, शीड, डोलकाठी आणि लाइफ जॅकेट धरून झाले ऐंशीच्या आसपास. पण ऐंशी लिटरवर मी जेमतेम तरंगेन, बोर्ड पाण्याखाली आणि मी गुडघाभर ओली. निवांत उभं राहून वल्हवायचं आणि पाण्यात पडलेलं शीड दोरीने उचलायचं, तर दोनशेच्या पुढे हवेत. रुंदी ३२ इंचांच्या आसपास. याहून अरुंद घेतला तर शीड उचलताना आंघोळ ठरलेली आणि फार रुंद घेतला तर वल्हं कडेला आपटत राहतं. लांबी साडेदहा ते साडेअकरा फूट.

गंमत म्हणजे ही मापं नवी नाहीत. कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये ज्या विंडसर्फरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो बोर्ड चांगला बारा फुटी होता. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आलं आणि पुढे वेगाच्या नादात बोर्ड आखूड होत गेले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर ते पाण्याच्या वर, खालच्या फॉइलवर उडत होते. इबाद अलीने हांगझोच्या एशियाडमध्ये २०२३ साली आपल्याला ब्राँझ मिळवून दिलं तो आरएसएक्स बोर्डही रेसिंगचा, रविवारच्या वल्हवण्यासाठीचा नव्हे. लांब, शांत, सगळ्यांना सामावून घेणारे बोर्ड परत आले ते या शतकात, पॅडलबोर्डिंगच्या लाटेबरोबर.

आता खरी मारामारी. कडक बोर्ड की हवेचा? पाण्यात कडकच भारी, यात वाद नाही. तो वाकत नाही, शिडाची सगळी ताकद पुढे जाण्यात लागते आणि डॅगरबोर्डही बहुधा त्यातच मिळतो. पण साडेअकरा फुटी बोर्ड लालबागला ठेवू कुठे? मी खोली मापली. पंधरा फुटांच्या भिंतीला कपाट, फ्रिज आणि देव्हारा. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर. गॅलरी सगळ्या मजल्याची. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आण की, त्याच्यावर पापड वाळत घालता येतील.’ दादरच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्या मावशीला विचारलं. तिच्याकडे जागा आहे, पण तिच्या बिल्डिंगच्या जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये उभी माणसंच कशीबशी मावतात. आणि चौपाटीला नेणार कसा? टॅक्सीच्या टपावर रोज रोज कोण घेईल?

हवेचा बोर्ड गुंडाळला की ट्रेकिंगच्या सॅकएवढा होतो. पंपासकट पाठीवर मारायचा, लोअर परळहून सकाळची स्लो लोकल आणि थेट चर्नी रोड. शिडाची डोलकाठी मात्र दोन नाही, तीन-चार तुकड्यांत सुटणारी घ्या, नाहीतर डब्यातल्या बायका तुम्हाला दादर स्टाइलमध्ये ऐकवतील. बोर्डवरच्या भोकाचे आटे आणि डोलकाठीच्या बुडाचा स्क्रू एकमेकांत बसतात का, हे दुकानातच फिरवून बघा. बहुतेकांत ८ मिलिमीटरचा स्क्रू असतो, पण ‘बहुतेक’वर पैसे टाकू नका.

हवेच्या बोर्डचे नखरेही आहेत. जाडी सहा इंच हवी आणि हवा साधारण १५ पीएसआय, म्हणजे पंपाच्या शेवटच्या पन्नास दट्ट्यांना जिमचे पैसे वसूल. आळस करून बाराला थांबलात तर डोलकाठीखाली बोर्ड केळ्यासारखा वाकतो. उलट भरलेला बोर्ड भर उन्हात वाळूत टाकून भेळ खायला जाऊ नका. आतली हवा तापून फुगते आणि शिवणीवर ताण येतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, म्हणजे आमच्याकडे पाणी येण्याची वेळ सांभाळून. चौपाटीचं पाणी काही मालदीवचं नाही, त्यामुळे स्वतःलाही साबण लावून धुवायचं.

आपल्या खाडीचा आणखी एक नखरा म्हणजे भरती-ओहोटी. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला लांबवर उथळ होतं. तिथे खोल फिन वाळूत रुतते आणि तुम्ही तोंडावर. २०२५ च्या विसर्जनाला आमच्या लालबागच्या राजासाठी नवा तराफा आला होता, पण भरतीमुळे मूर्ती त्यावर चढवता येईना. रविवारी सकाळी चौपाटीवर पोचलेल्या राजाचं विसर्जन रात्री झालं. राजाला थांबावं लागतं, तिथे आपण कोण? मी मधली फिन मुद्दाम आखूड घेतली. वाऱ्यावर थोडी कमी चढते, पण वाळूत अडकत नाही. पावसाळ्यात विषयच नाही, जून ते सप्टेंबर बोर्ड पोटमाळ्यावर. दादर चौपाटी घराजवळ आहे म्हणून मोह होतो, पण ओहोटीला उघडे पडणारे खडक बघून मी तो सोडला. आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून बाहेर ढकलत असेल तेव्हा शीड घरी ठेवा. त्या वाऱ्यात फसलात तर टेट्रापॉडसुद्धा मध्ये येत नाहीत, थेट अरबी समुद्र.

तर मी घेतला तो हवेचा, अकरा फुटी, ३२ इंची, मधे निघणारी फिन असलेला. शीड छोटंच, साडेचार चौरस मीटरचं. कडक बोर्डची मजा त्याला नाही, हे पहिल्याच दुपारी कळलं. पण त्याच दुपारी, त्याच वायव्येच्या वाऱ्यात, मरीन ड्राइव्हच्या अंगाला जाऊन मी वळले आणि तिरकी तिरकी, पाच वळणांत, चौपाटीच्या वाळूला लागले. कोळीकाका तिथेच जाळं आवरत बसले होते. त्यांनी बोर्ड उलटा करायला लावला, फिन हाताने हलवून बघितली आणि म्हणाले, ‘स्क्रू ढिला हाय.’