वायतुऱ्याचं डबकं

साताऱ्याहून कासला जायचं म्हणजे घाट चढत सुमारे २५ किलोमीटर. वर पोचलात, की पायाखाली माती जवळजवळ नाहीच, नुसता जांभा दगड! ऑगस्ट-सप्टेंबरात येणारी मंडळी फुलांच्या गालिच्यांचे फोटो काढण्यात दंग असतात. दोस्तांनो, तुम्ही मात्र जरा खाली बघा. दगडातल्या खोलगट जागी पाणी साचलंय, फार तर घोट्याएवढं. त्यात लांबट हिरवी पानं आणि पाण्याबाहेर डोकावणारा एक नाजूक तुरा. तुऱ्याला दोन फाटे. इंग्रजी ‘वाय’ आठवला ना? म्हणूनच याचं नाव वायतुरा!

शास्त्रज्ञांनी १९८२ साली नवी जात म्हणून त्याची नोंद केली आणि साताऱ्यावरून नाव दिलं, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवर तो उगवतो. जगात आणखी कुठेही नाही, बरं का!

ज्यांच्या घरी फिशटँक आहे, त्यांना हे अपोनोजेटॉन आडनाव ओळखीचं असेल. दुकानात याच्या भावंडांचे छोटे छोटे कंद मिळतात. वाळूत खोचला, की काही दिवसांत पानांचा झुपका येतो. घरात सगळे खूश! पण काही महिन्यांनी नवी पानं थांबतात, जुनी पिवळी पडतात. मग कुणी खत घालतं, कुणी जास्तीचा दिवा लावतं. काही उपयोग होत नाही. शेवटी आई म्हणते, ‘‘मेलं ते, टाकून दे.’’

मेलं? छे! याचं उत्तर हवं असेल, तर कासला एप्रिलमध्ये जा. तेच डबकं आता ठणठणीत कोरडं. वायतुऱ्याचा मागमूस नाही. कंद मात्र खाली चिमूटभर मातीत गाढ झोपलेला असतो. पावसाळ्यात पानांनी जमवलेली शिदोरी त्याच्यापाशी असते. फिशटँकमध्ये काय होतं? बाराही महिने पाणी, रोज दिवा. म्हणजे कायमचा पावसाळाच! झोप नाही, त्यामुळे कंद थकतो. सगळ्याच जातींना अशी झोप लागत नाही, पण पानं झडू लागली आणि कंद हाताला टणक लागला, तर तो फेकू नका. ओलसर वाळूत घालून थंड जागी महिना-दोन महिने ठेवा आणि मग पुन्हा पाण्यात लावा.

या घराण्यातलं सर्वांत हट्टी भावंडं मादागास्कर बेटावरचं. त्याच्या पानांची नुसती जाळी असते! कोवळ्या पानात शिरांमधल्या पेशी ठरवून मरतात आणि खिडक्या पडतात. वाहत्या ओढ्यातलं हे झाड. त्याला स्वच्छ, थंडसर, हलतं पाणी लागतं. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या टाकीत ते टिकवणं म्हणजे खरी परीक्षा. खिडक्यांवर शेवाळ बसलं, की संपलंच!

आणि वायतुरा? तो घरी आणायचा विचारही नको. एक तर कासला फुलं-झाडं तोडायला बंदी आहे. दुसरं म्हणजे त्याचं सगळं घर त्या वीतभर डबक्यात असतं. फोटोसाठी कुणी बूट घालून त्यात उतरलं, तर चिखलातला कंदच चिरडतो. तेव्हा काठावरच उकिडवे बसा. वारा थांबला, की पाण्यात दुसरा ‘वाय’ दिसतो, उलटा!