बिननावाचा चमचा

एरिश केस्टनरच्या १७ ओळींच्या एका जर्मन कवितेत तो राबतो, पण त्याचं नाव तिथे कुठेच नाही. कॅफेत दोघं बसलेत आणि आपापला कप ढवळतायत, एवढंच कळतं. आता बोटाने काही कोणी कॉफी ढवळत नाही. म्हणजे तो आहे. चणीने लहान, बशीत कपाच्या कानाशेजारी पडून राहणारा, कामापुरता उठणारा.

त्याचं काम तसं दोन फेऱ्यांचं. साखर विरघळली की सुटी. आज मात्र साखर केव्हाच विरघळलीय, कॉफी गार झालीय, आणि तरी तो फिरतोच आहे. कारण समोरच्या दोघांना हातांचं काय करायचं ते कळत नाहीये. आठ वर्षांच्या सहवासानंतर त्यांचं प्रेम हरवलंय; कुणाची टोपी किंवा काठी हरवावी, तसं. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. कॅफेत येण्याआधी ती रडून झाली, तो नुसता उभा राहिला, मग म्हणाला की सव्वाचार झाले, कुठेतरी कॉफी घ्यायला हवी. वाचणाऱ्याला तो दगड वाटेल. पण दुपारची कॉफी हा जर्मन घरांतला जुना नेम आहे. सगळं कोसळताना माणूस हाताशी असलेला नेम धरतो, एवढंच त्याने केलं. शेजारी कोणीतरी पियानोचा सराव करत होतं, ते चालूच राहिलं.

आपल्याकडच्या विरहाला कोणीतरी दूर गेलेलं लागतं. वाट पाहणं लागतं, पाऊस लागतो, चंद्र लागतो. इथे दोघंही एकाच टेबलाशी आहेत. अशा विरहात चंद्र काय करणार? तिथे चमचाच हवा.

ही कविता १९२९ च्या ‘लेर्म इम श्पीगल’ या संग्रहात आहे. नाव ‘झाखलिशे रोमान्त्से’, म्हणजे साधारण ‘वस्तुनिष्ठ प्रेमकथा’. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत मोठ्या शब्दांवरचा विश्वास उडाला होता. १९२५ मध्ये मानहाइमच्या कलादालनात ‘नवी वस्तुनिष्ठता’ या नावाने चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते नाव त्या काळालाच चिकटलं. केस्टनर १९२७ मध्ये बर्लिनला आला. तो लिहायचा कॅफेत बसून, तेव्हा चमच्याशी त्याची रोजची गाठ. त्याचं स्वतःचं विद्यार्थिदशेपासूनचं प्रेमही त्याआधी तुटलं होतं. अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. चमच्याला त्याचं सोयरसुतक नाही. कोणाचाही कप त्याला सारखाच.

पहिली तीन कडवी चार-चार ओळींची, शेवटचं मात्र पाच ओळींचं. मला ही त्या कवितेतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. संध्याकाळ झाली तरी दोघं उठत नाहीत, मग कडवं तरी कसं उठेल?

पुढे नाझींनी केस्टनरची पुस्तकं जाळली. १९३६ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधून आपल्या कवितांची घरगुती औषधपेटी छापली. कोणत्या दुखण्यावर कोणती कविता, अशा सूचीसकट. नावामागे ‘डॉक्टर’ही लावलं. होताच तो, पण साहित्यातला. कविता चमच्याने मोजून घ्यायची की पोटभर, हे त्याने रोग्यावर सोडलं.